एकेरी पटातल्या ६० फ्रेम्स

माझा भाचा सांगलीत कृष्णेच्या घाटापासून जवळच असलेल्या एका जुन्या तालमीत मेहनत करतो. गेल्या दिवाळीनंतर एकदा त्याला आणायला गेलो असताना त्याच्या वस्तादांनी मला हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला बसवून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमच्याकडं चांगला कॅमेरा हाय म्हणं. पोरगा पट काढताना मागचा पाय उशिरा टाकतोय. मी रोज सांगतोय, पण त्येला ते पटंना. तेवढं हळू करून दाखवा की." पट म्हणजे समोरच्याच्या पायाला हात घालून तो उचलण्याचा डाव; एकेरी पटात एकच पाय धरतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली काही वर्षे हौसेने छायाचित्रण करतो, त्यामुळे हे काम एका संध्याकाळचे आहे असे मला वाटले. प्रत्यक्षात त्याला चार खेपा लागल्या. त्या चार खेपांमध्ये मंदगती चित्रणाविषयी मी जे शिकलो, ते मला कोणत्याही पुस्तिकेत एका जागी सापडले नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पहिल्या खेपेला मी कॅमेरा नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्सवर (सुट्या चित्रांवर) ठेवला, भाच्याने काढलेले आठदहा पट टिपले, आणि घरी येऊन संगणकावरील संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा वेग २५ टक्के केला. चित्र मंद झाले, पण ते सरकेना. ते थबकत थबकत चालू लागले. कारण साधे आहे. भाच्याचा हात प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने निघाल्यापासून त्याची तंगडी उचलली जाईपर्यंत साधारण ०.६ सेकंद लागतात, आणि सेकंदाला २५ या हिशेबाने त्या अवधीत कॅमेऱ्याने अवघ्या १५ फ्रेम्स घेतल्या होत्या. वेग चौथाई केल्यावर सॉफ्टवेअरने त्याच १५ फ्रेम्स प्रत्येकी चार वेळा दाखवल्या. नवीन माहिती काहीच नव्हती. मग मी सॉफ्टवेअरमधला तो पर्याय वापरून पाहिला, ज्यात दोन फ्रेम्समधील हालचालीचा अंदाज बांधून मधल्या फ्रेम्स संगणक स्वतः तयार करतो. रस्त्याने एकटाच चालणारा माणूस किंवा मोकळ्या आकाशात उडणारा पक्षी असेल, तर हा पर्याय बऱ्यापैकी काम देतो. येथे मात्र दोन पैलवान एकमेकांत गुंतलेले, दोघांच्या अंगाला तीच लाल माती लागलेली. कोणता हात कोणाचा हे संगणकाला ओळखता येईना, आणि एका जागी तर भाच्याची बोटे समोरच्याच्या मांडीत विरघळून गेलेली दिसू लागली. वस्तादांना पाहायचे होते ते नेमके त्याच क्षणी काय घडते हे, आणि तोच क्षण संगणकाने कल्पनेने भरून काढला होता. शिकवण्यासाठी असले चित्र दाखवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. मी ते पुसून टाकले.

मंदगती चित्रणाचे मूळ तत्त्व या अपयशाने मला नीट समजले. चित्र संकलनाच्या वेळी मंद होत नाही. ते चित्रण करतानाच मंद व्हावे लागते. दाखवण्याचा वेग सेकंदाला २५ फ्रेम्स हा कायम धरला, तर टिपण्याचा वेग जितक्या पटीने वाढवावा तितक्या पटीने दृश्य लांबते. ५० फ्रेम्सवर टिपलेले दृश्य २५ वर दाखवले तर दुप्पट, १०० वर टिपलेले चौपट. ऑस्ट्रियातील धर्मगुरू आणि भौतिकशास्त्राचे जाणकार ऑगस्ट मुसगर यांनी मंदगती चित्रणाच्या यंत्रणेचे पेटंट १९०४ साली घेतले होते, आणि हाताने दांडा फिरवून चालवायच्या कॅमेऱ्यांच्या त्या काळात चित्रण करणारा माणूस दांडा नेहमीपेक्षा जलद फिरवूनही थोडाफार हाच परिणाम साधत असे. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली, तेव्हा त्यांनी याच तत्त्वाची दुसरी बाजू वापरली होती: फ्रेम्स अतिशय सावकाश घेतल्या आणि महिन्याभराहून अधिक काळाची वाढ काही क्षणांत पडद्यावर आणली. टिपण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग हे दोन वेगळे ठेवता येतात, हे एकदा ध्यानात आले की रोपाची वाढ आणि पैलवानाचा पट ही एकाच सूत्राची दोन टोके आहेत हे दिसते.

तेव्हा दुसऱ्या खेपेला मी कॅमेऱ्यात मिळणारा सर्वाधिक वेग निवडला. तो सेकंदाला १२० फ्रेम्स होता. तालमीत मेहनत पहाटे सुरू होते, त्यामुळे उजेड होता तो फक्त चार ट्यूबलाइटचा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर क्लिप ठीक वाटली. घरी मोठ्या पडद्यावर पाहिली, तर सगळा हौदा लुकलुकत होता. भिंत, माती, पैलवानांची अंगे, सारे काही सेकंदाला चारेक वेळा उजळत आणि काळवंडत होते. कॅमेरा बिघडला असावा अशी शंका आली. बिघाड कॅमेऱ्यात नव्हता, माझ्या निवडीत होता, आणि हा भाग मी जरा विस्ताराने मांडतो, कारण भारतात घरातल्या किंवा सभागृहातल्या उजेडात मंदगती चित्रण करणाऱ्या प्रत्येकाला तो आडवा येतो.

आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची आहे. एका आवर्तनात विद्युतप्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणून चोक असलेली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि पुन्हा उजळते. पुष्कळ स्वस्त एलईडी दिव्यांचेही तसेच आहे. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही. सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद असे ठेवले तर प्रत्येक फ्रेममध्ये प्रकाशाचे बरोबर दोन हेलकावे मावतात, त्यामुळे सगळ्या फ्रेम्स सारख्याच उजळ येतात. पण १२० फ्रेम्सवर एका फ्रेमला जास्तीत जास्त १/१२० सेकंदच मिळतो, आणि प्रकाशाचा एक हेलकावा मात्र १/१०० सेकंदाचा असतो. तो फ्रेममध्ये पुरा मावतच नाही. कोणत्या फ्रेमला त्याचा माथा मिळतो, कोणत्या फ्रेमला त्याचा पायथा. पाच हेलकावे आणि सहा फ्रेम्स असा मेळ बसून दर सहा फ्रेम्सनंतर उजेड-अंधाराचा तोच क्रम परत येतो, आणि २५ च्या वेगाने दाखवताना तोच सेकंदाला सुमारे चार वेळा होणारा लुकलुकाट बनतो. वर्गात मी मुलांना विस्पंद शिकवतो, म्हणजे दोन जवळच्या कंप्रता एकत्र आल्या की होणारा सावकाश चढउतार. तेच विस्पंद माझ्यासमोर लाल मातीवर उमटले होते, आणि ते ओळखायला मला दोन दिवस लागले.

उपाय कॅमेऱ्याच्या मेनूतच होता. बऱ्याच कॅमेऱ्यांत पाल आणि एनटीएससी असे दोन पर्याय असतात. हे दूरचित्रवाणीच्या दोन जुन्या प्रसारणपद्धतींचे वारसे आहेत: ५० हर्ट्झ वीज असणाऱ्या भारतासारख्या बहुतेक देशांत पाल, आणि ६० हर्ट्झ वीज असणाऱ्या अमेरिकेत एनटीएससी. एनटीएससी निवडले तर २४, ३०, ६० आणि १२० हे वेग मिळतात. पाल निवडले तर २५, ५० आणि १००. माझा कॅमेरा विकत घेतल्या दिवसापासून एनटीएससीवर होता आणि मी तो कधी बदललाच नव्हता, कारण १२० हा आकडा १०० पेक्षा मोठा असल्याने चांगलाच असणार असे मी गृहीत धरले होते. पालवर जाऊन सेकंदाला १०० फ्रेम्स आणि शटरही १/१०० असे ठेवले, की प्रत्येक फ्रेममध्ये प्रकाशाचा एक अख्खा हेलकावा मावतो आणि लुकलुकाट थांबतो. तिसऱ्या खेपेला तो खरोखरच थांबला. वीस फ्रेम्स कमी घेतल्या म्हणून दृश्याचे काही बिघडले नाही, उलट २५ च्या टाइमलाइनवर १०० चा चौपटीने नेमका भाग जात असल्याने हालचाल अधिक सलग दिसू लागली.

तरीही काम पुरे झाले नव्हते. पट काढताना पैलवानाचा हात किती वेगाने जातो याचा मी ढोबळ अंदाज बांधला. सेकंदाला पाच मीटर धरले, तर शटर १/१०० सेकंद उघडे असताना हात पाच सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, आणि तेवढ्या पट्ट्यात तो पुसट उमटतो. नेहमीच्या चित्रणात असा पुसटपणा हवासा असतो. शटरचा छेद फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या फ्रेम्सच्या आकड्याच्या, दुप्पट ठेवावा, म्हणजे २५ ला १/५०, ५० ला १/१०० आणि १०० ला १/२००, हा चित्रपटवाल्यांचा प्रघात त्यासाठीच पडला आहे. त्याने हालचाल डोळ्यांना स्वाभाविक वाटते. लग्नात वधूवरांवर पडणाऱ्या अक्षता किंवा पालखीपुढे नाचणारे लेझीमपथक टिपायचे असेल, तर मी आजही हाच प्रघात पाळतो. वस्तादांना मात्र डोळ्यांना सुखावणारे चित्र नको होते. त्यांना बोटांची पकड आणि टाचेची जागा स्वच्छ दिसायला हवी होती. त्यासाठी शटर १/४०० पर्यंत न्यावे लागणार होते, म्हणजे पाच सेंटीमीटरचा पुसटपणा सव्वा सेंटीमीटरवर येईल. आणि शटर १/४०० वर गेले की ट्यूबलाइटचा लुकलुकाट पुन्हा डोके वर काढणार, कारण आता हेलकाव्याचा केवळ पाव भाग फ्रेममध्ये येणार.

शिवाय उजेडाचा प्रश्न. मंदगती चित्रण उजेड खाते, हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले होते, पण त्यामागचा हिशेब कधी करून पाहिला नव्हता. शटर १/५० वरून १/४०० वर नेले की प्रत्येक फ्रेमला पूर्वीच्या एकअष्टमांश उजेड मिळतो. ती तूट भरून काढायला दोनच मार्ग उरतात: लेन्सचे छिद्र मोठे करायचे, किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवायचा. छिद्र मोठे केले की स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली कमी होते आणि पुढेमागे झुलणारे दोन पैलवान त्या पट्ट्यातून सारखे बाहेर जातात. आयएसओ वाढवला की अंधाऱ्या भागात कणकण दिसू लागतात, आणि लाल मातीच्या पार्श्वभूमीवर ते फारच खुपतात. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स बाजूला ठेवून मी ५० मिलिमीटरची एफ १.८ ची, म्हणजे मोठे छिद्र उघडणारी, लेन्स लावली, तेव्हा कुठे हिशेब थोडा जमू लागला. नवीन कॅमेरा घेण्याच्या विचारात असलेल्यांना मी एवढेच सांगेन की मंदगती चित्रणासाठी पैसे आधी उजेडावर आणि लेन्सवर खर्च करावेत. कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापलेल्या फ्रेम रेटच्या आकड्याला भुलू नये.

हौदा काही उचलून अंगणात नेता येत नाही. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून वर्षानुवर्षे मळलेली ती माती आहे, आणि पैलवान तिला पायतळीची वस्तू मानत नाहीत. तेव्हा उजेडच हौद्यापर्यंत आणायचा होता. तालमीचा पश्चिमेकडचा दरवाजा एरवी संध्याकाळीही लोटलेला असे. चौथ्या खेपेला साडेचारच्या सुमारास वस्तादांनी तो सताड उघडला, सगळ्या ट्यूबलाइट मालवल्या, आणि स्वतःचे धुतलेले पांढरे धोतर समोरच्या भिंतीवर ताणून बांधले. दारातून आलेले ऊन धोतरावर पडून हौद्यावर मऊ, सारखा उजेड पसरला. सूर्याचा उजेड हेलकावे खात नाही, त्यामुळे आता शटर कितीही ठेवायला मोकळीक होती. सेकंदाला १०० फ्रेम्स, शटर १/४००, आयएसओ १६००, आणि कॅमेरा ट्रायपॉडवर पैलवानांच्या गुडघ्याच्या उंचीला, बरोबर बाजूने. फोकस मी आपोआप राहू दिला नाही. हौद्यात एका ठिकाणी चुन्याने खूण केली, तेथे फोकस बांधून ठेवला आणि दोघांना त्या खुणेवरच झटायला सांगितले.

त्या दिवशी एक गोष्ट मागितल्याशिवाय मिळाली. कुस्तीला सुरुवात करण्यापूर्वी भाच्याने मूठभर माती समोरच्याच्या खांद्यावर टाकली, आणि ती खाली पडताना चौपट मंद झालेली क्लिप पाहून मी थक्क झालो. ती माती मुठीतून पडल्यासारखी दिसत नव्हती, एखाद्या कड्यावरून दरड कोसळावी तशी दिसत होती. यालाही कारण आहे. वस्तूला खाली पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून वेळ चौपट लांबला की डोळे नकळत उंची सोळापट समजून घेतात. चित्रपटांत लहान प्रतिकृतीचे धरण फुटताना किंवा इमारत कोसळताना दाखवायची असेल, तर याच हिशेबाने टिपण्याचा वेग ठरवत: प्रतिकृती सोळापट लहान असेल तर फ्रेम रेट चौपट. ठोसेघरच्या धबधब्यावर जाऊन मंदगती चित्रण करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मुळातच प्रचंड असलेली धार फार मंद केली, की ती पाण्यासारखी दिसेनाशी होते. तेथे ५० फ्रेम्स पुरेशा होतात असे माझे मत आहे. उलट पागोळ्यांचे थेंब किंवा पंख फडफडवणारी चिमणी यांना १०० देखील अपुऱ्या पडतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. संकलनाचा प्रकल्प २५ फ्रेम्सचाच हवा. तो चुकून ५० चा झाला तर १०० वर टिपलेली क्लिप चौपट न होता दुप्पटच मंद होईल. काही कॅमेऱ्यांत मंदगतीचा वेगळा मोड असतो, जो क्लिप आतल्या आतच मंद करून साठवतो, पण त्यात बहुधा आवाज टिपला जात नाही. वस्तादांच्या सूचना मला हव्या होत्या, म्हणून मी १०० फ्रेम्सवर साधे चित्रण करून वेग नंतर संगणकावर बदलला. मेमरी कार्डावर व्ही३० असे लिहिलेले असेल तर ते सेकंदाला निदान ३० मेगाबाइट सलग लिहू शकते, आणि सेकंदाला १०० मेगाबिटच्या चित्रणाला सेकंदाला १२.५ मेगाबाइट लागतात, तेव्हा तेवढे पुरते. फोनवर हे करणाऱ्यांना दिवसाच्या उजेडात काही अडचण येणार नाही. बहुतेक फोनमध्ये मंदगतीसाठी १२० आणि २४० हेच वेग असल्याने ट्यूबलाइटखाली मात्र वर सांगितलेला लुकलुकाट त्यांच्याही वाट्याला येतो.

संध्याकाळच्या त्या चित्रणात एकेरी पटाच्या ६० फ्रेम्स मिळाल्या. सेकंदाला १०० असल्याने एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा बरोबर शंभरावा भाग, आणि त्यामुळे चित्र पाहणे हेच मोजमाप करणेही झाले. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप तालमीत नेला. वस्ताद, भाचा आणि त्याच्याहून मोठा असलेला एक पैलवान असे तिघे मातीने माखलेल्या अंगानेच पडद्यापुढे उकिडवे बसले. आधी मोठ्या पैलवानाचा पट एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला: बोटे समोरच्याच्या गुडघ्यामागे टेकल्यापासून पाचव्या फ्रेमला त्याचा मागचा पाय पुढे येऊन रोवला गेला होता. मग भाच्याचा. पाच झाल्या, आठ झाल्या, दहा झाल्या. पाय चौदाव्या फ्रेमला टेकला. तोपर्यंत त्याचे धड लांब ताणले गेले होते, आणि समोरच्याने पाय मागे फेकून सगळा भार त्याच्या पाठीवर टाकायला सुरुवात केली होती. भाच्याने स्वतःच कळ दाबून ते चौदा टप्पे पुन्हा मोजले. वस्ताद त्याला काहीच बोलले नाहीत. वळून मला म्हणाले, "सर, आता ढाक घेऊया. खाशाबांचा डाव हाय त्यो, पोरांस्नी नीट दिसला पायजे."

१९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, कराडजवळ आहे, आणि त्यांचा ढाक नावाजलेला होता. ढाकेत समोरचा पैलवान मानेला कवळ बसून उचलला जातो आणि फेकला जातो, म्हणजे हालचाल जमिनीलगत न राहता वर जाते. तेव्हा कॅमेरा कमरेच्या उंचीला न्यावा लागेल आणि चुन्याची खूण हातभर मागे घ्यावी लागेल. धोतर वस्तादांनी अजून भिंतीवरून सोडलेले नाही. भाच्याचा पट मी मागच्या आठवड्यात त्याच उजेडात पुन्हा टिपला. पाय आता नवव्या फ्रेमला टेकतो.